मधला हात

त्या वर्षी जूनमध्ये गवत कापायला उघडीप अशी मिळालीच नाही. सकाळी ऊन पडायचं, माणसं आशेनं घोडे जुंपायची, आणि कापलेलं गवत शेतात आडवं झालं की पश्चिमेकडून आभाळ भरून यायचं. पुढं कितीतरी वर्षांनी, शहरात कुणी अंगणातली हिरवळ कापत असलं आणि ती पावसानं भिजलेली असली, की फ्रेनी तिथंच थबकायची. ओल्या गवताचा तो गोडसर, उबट वास. कोठाराच्या पत्र्यावर वाजणारा पाऊस. आणि दावणीला पाठ टेकून बसलेले बाबा.

बाबा पडले ते त्याच दिवसांत. माळ्याला गवत खाली टाकायचं भोक असतं, त्यावर गेल्या सालचं गवत पसरलेलं होतं. ज्या माळ्यावर एनोस हिल्टींचा उभा जन्म गेला, त्याच माळ्याच्या भोकातून ते सरळ गोठ्यात आले. फ्रेनी दूध काढायला गेली तेव्हा त्यांचा एक पाय नको त्या बाजूला वळलेला होता. सरकत सरकत जाऊन त्यांनी आपली गवती हॅट मात्र शोधली होती आणि डोक्यावर नीट घातली होती.

"बाबा, काय झालं?"

"पाय मोडला. आधी दूध काढून घे, कासा तटतटल्यात. मग ग्रेबरांकडं जा."

फ्रेनीनं बादली ठेवली आणि शेजारच्या ग्रेबरांकडं पळत गेली. दूध राहिल्याबद्दल बाबा दवाखान्यात जाईपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर घालून आणलं आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी त्यांची खाट टाकली. तिथून ओढ्यापर्यंतचं सगळं रान दिसायचं, ते त्यांना बरंही होतं आणि वाईटही. गवत कमरेएवढं उभं होतं. तुरे पिकून करपायला लागले होते. घरात माणूसबळ नाही. मधल्या दोघी मुली लग्न होऊन मिशिगनला गेलेल्या. उरल्या आई, एकोणीस वर्षांची फ्रेनी आणि बारा वर्षांची सलोमी. चर्चच्या मंडळीतली माणसं मदतीला आली असती, येणारच होती, पण प्रत्येकाचं गवत उभं होतं आणि ऊन सगळ्यांना एकदमच मिळणार होतं. ग्रेबर सांगून गेले, "आमचं झालं की आम्ही आलोच." ते खरंच बोलत होते. पण त्यांचं होईपर्यंत पुन्हा पाऊस येणार हे त्यांना ठाऊक होतं आणि बाबांनाही.

अशात गुरुवारी सकाळी लिअँडर आला.

आई भांडी घासत होती. तिचे हात पाण्यातच थांबले. रस्त्यावर, टपालाच्या पेटीपाशी एक जुना निळा ट्रक उभा होता आणि तिचा मुलगा फाटकातून पायी चालत येत होता.

"कोण आहे?" बाबांनी विचारलं. त्यांना खिडकीतून स्वच्छ दिसत होतं.

"लिअँडर," आई म्हणाली.

लिअँडर उंबऱ्यापाशी थांबला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं खिशात कोंबली. त्याचे केस इंग्लिश माणसासारखे बारीक कापलेले होते. 'इंग्लिश' म्हणजे जो आमिश नाही तो, मोटार आणि वीज वर्ज्य मानणाऱ्या त्यांच्या जुन्या ख्रिस्ती पंथातला नाही तो. लिअँडर आता इंग्लिशही नव्हता आणि आमिशही नव्हता. तो वाळीत टाकलेला होता. त्यानं बाप्तिस्मा घेतला होता, मंडळीसमोर शपथ घेतली होती, आणि मग सोडून गेला होता. शपथ न घेता गेला असता तर आईनं रडून रडून शेवटी सुटीला जेवायला बोलावलं असतं. शपथ घेऊन गेला, म्हणून आता त्याच्या हातून काही घ्यायचं नाही, त्याच्या पंगतीला बसायचं नाही, त्याचं काम, त्याची मदत, काही स्वीकारायचं नाही. बोलायला बंदी नव्हती. पण काय बोलायचं हे बापलेक दोघांनाही सापडलं नव्हतं.

"पाय मोडला म्हणून कळलं," लिअँडर आईकडं बघत म्हणाला. "कामावरून सुट्टी काढलीय. शनिवारपर्यंत ऊन आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?" बाबा खिडकीकडंच बघत होते.

"रेडिओ."

"रेडिओ महिनाभर तेच म्हणत असेल."

सलोमी दाराआडून भावाच्या पँटची चेन बघत होती. तिच्या ओळखीच्या सगळ्या पुरुषांच्या पँटला बटणं असायची.

"तुझं काम मला घेता येत नाही, लिअँडर," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुला माहीत आहे ते."

"तुमचं कोण करतंय? फ्रेनीला गडी हवाय. तिनं अजून शपथ घेतलेली नाही. ती मला ठेवून घेऊ शकते."

बाबा बराच वेळ प्लास्टरवरची एक फट नखानं कोरत राहिले.

"म्हणजे फ्रेनी मालकीण झाली," ते शेवटी म्हणाले.

लिअँडरनं बहिणीकडं बघितलं. "बोला मालकीणबाई, काय हुकूम?"

"बूट पूस आधी," फ्रेनी म्हणाली. "आईनं आत्ता फरशी पुसलीय."

आई पटकन भांड्यांकडं वळली. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत, ते फ्रेनीला कळलं नाही.

बॉब आणि टेड ही बेल्जियन घोड्यांची जोडी लिअँडरला विसरली नव्हती. टेडनं त्याच्या काखेत तोंड खुपसलं आणि बराच वेळ काढलं नाही. साज चढवताना लिअँडरची बोटं एकदाही अडखळली नाहीत. कापायच्या यंत्राचं पातं मात्र गंजलं होतं. त्यानं ते काढून दारातल्या ओट्यावर बसून घासलं आणि फ्रेनीच्या हातात दिलं. फ्रेनीनं ते आत नेऊन बाबांच्या हातात दिलं. बाबांनी अंगठ्यानं धार बघितली.

"त्याला सांग, टोकाकडं अजून घास."

"ऐकलं मी," दाराबाहेरून लिअँडर म्हणाला.

"त्याला सांग, ऐकलं असेल तर मग घास."

असं सुरू झालं. तीन हातांच्या अंतरावर बाप आणि मुलगा, आणि मध्ये फ्रेनी. पातं, तेलाची कुपी, तुटलेला पट्टा, सगळं तिच्या हातून जायचं आणि तिच्याच हातून यायचं. पहिल्या दिवशी तिला हसू आलं. दुसऱ्या दिवशी हात आपोआपच पुढं यायला लागला.

दुपारी आईनं जेवणाचं टेबल मांडलं. मोठ्या टेबलाच्या टोकाला तिनं शिवणाचं लहान टेबल आणून ठेवलं, मध्ये ओंजळभर जागा सोडली, आणि दोन्हींवर मिळून एकच मोठं मेणकापड अंथरलं. वरून बघितलं तर एकच टेबल वाटायचं. कापड मधे किंचित खोलगट व्हायचं, तेवढंच. लिअँडर न सांगता लहान टेबलाशी जाऊन बसला. बाबांना ग्रेबरांच्या पोरानं खुर्चीसकट उचलून मोठ्या टेबलाशी आणलं होतं. सगळ्यांनी माना खाली घालून मूक प्रार्थना केली.

फ्रेनी ताटल्या घेऊन उभी राहिली. तिला कुठंही बसता येत होतं. ती लिअँडरजवळ बसली, आणि मग तिला बाबांच्या शेजारची रिकामी जागा दिसली. दुसऱ्या दिवशी ती बाबांजवळ बसली, आणि लिअँडर एकटा घरच्या नूडल्स खाताना दिसला. तिसऱ्या दिवशी ती वाढायच्या निमित्तानं उभीच राहिली.

"बस ना गं," आई म्हणाली.

"भूक नाही."

शुक्रवारी गवत उलटून टाकायचं होतं. ऊन कडक होतं आणि वारा दक्षिणेचा, कोरडा. दोघं दोन टोकांकडून दाताळं ओढत आले. छपरं बसवायच्या कामानं लिअँडरचे हात राकट झाले होते, पण घट्टे भलत्या जागी होते. दाताळ्याच्या दांड्यानं नव्या जागी फोड आले आणि दुपारपर्यंत फुटले. त्यानं रुमाल गुंडाळला.

"मालकीणबाई, गडी म्हातारा झाला."

"गडी माजलाय. रोज मांस खातो म्हणून ऐकलं."

"डब्यातलं खातो. स्वयंपाक कुठं येतो मला?"

घरून आईची हाक आली. हिल्टींचं घराणं मूळचं स्विस. आई परसात उभी राहून गळ्यातून तो उंच, लहरता सूर काढायची, खालून वर चढणारा आणि वरच्या वर फुटणारा. प्रत्येक घराचा सूर वेगळा, त्यामुळे दोन शेतं पलीकडच्या माणसालाही कळायचं, हिल्टींकडं जेवण झालंय का गाय सुटलीय. लिअँडर दाताळं टेकवून ऐकत उभा राहिला. सूर संपला तरी उभाच होता.

"चल की," फ्रेनी म्हणाली.

"थांब. पुन्हा काढेल ती. पहिल्या हाकेला आपण कधी गेलोय?"

आईनं पुन्हा काढला.

त्या दिवशी चार वाजता ओढ्याकाठी अक्रोडाच्या सावलीत दोघं बसले. बरणीत पुदिन्याचा गार चहा होता. लिअँडर प्याला, तोंड पुसलं आणि बरणी तिच्याकडं केली. ती तिनं घेतली.

"सप्टेंबरनंतर हे जमणार नाही," तो म्हणाला.

फ्रेनी मे महिन्यापासून बाप्तिस्म्याच्या शिकवणीला जात होती. सप्टेंबरच्या शेवटी बाप्तिस्मा आणि शपथ. तिच्या बरोबरीच्या तिघी होत्या. त्यांतल्या दोघींची लग्नंही ठरत आली होती.

"तू का गेलास दादा?" तिनं विचारलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

"ट्रकसाठी गेलो असं म्हणतात ना?"

"हो."

"ट्रक तर मी देऊन टाकला होता पहिल्यांदा. मग मंडळीसमोर गुडघे टेकायला सांगितलं. टेकले. चूक झाली म्हणालो. बिशप जोनासकाकांनी हात धरून उठवलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. आणि मला काहीच वाटत नव्हतं, फ्रेनी. बाकाखाली कुणाचा तरी रुमाल पडला होता, तो कुणाचा असेल याचा विचार चालला होता. म्हटलं, ही माणसं खरी रडतायत आणि मी खोटा उभा आहे. पुढच्या आठवड्यात गेलो."

वाऱ्यानं गवताचा वास आला. वाळत आलेल्या गवताचा वास वेगळाच असतो, चहाच्या डब्यासारखा.

"तिकडं बरं वाटतं?"

"शुक्रवारी बरं वाटतं. रविवारी नाही."

"मी पण आले तर?"

लिअँडरनं मान हलवली. "माझ्यासाठी येऊ नकोस. मी तुला पुरणार नाही. इथं अख्खी मंडळी आहे तुझी. तिकडं काय, मी आणि माझा कुत्रा."

"कुत्रा आहे?"

"बहिरा आहे. दार वाजलं तरी झोपतो."

फ्रेनी हसली. मग दोघंही उठले, कारण उन्हं उतरायच्या आत अजून दोन पट्टे उलटायचे होते.

लहानपणी तिला गाडीवर गवत रचायला लिअँडरनंच शिकवलं होतं. कडेला रचत जायचं, मध्ये तुडवायचं, कोपरे चढते ठेवायचे. ती सलोमीएवढी होती तेव्हा भरल्या गाडीवर उताणी पडून घरी यायची आणि खाली लिअँडर घोड्यांशी गप्पा मारत चालायचा. हिवाळ्यातल्या रविवारी बग्गीतही तो तिच्याच शेजारी. त्यांच्या मंडळीत बग्गीला छप्पर चालायचं नाही. बर्फ पडत असला तरी उघड्यावर बसायचं, पायाशी तापवलेल्या विटा, अंगावर एकच गोधडी, पुढं बाबा छत्री धरून ताठ बसलेले. गोधडीत लिअँडर तिच्या कानात सांगायचा, तोंड उघड आणि बर्फ खा, आज पावाचा आहे, उद्या मधाचा येईल. आणि तिला ते खरंच वाटायचं. वाळीत टाकलेल्या माणसाचं हे सगळं कुठं ठेवायचं, ते शिकवणीत सांगितलेलं नव्हतं.

शनिवारी दुपारपर्यंत चार गाड्या माळ्यावर गेल्या. शेवटची राहिली ती ओढ्याच्या उतारावरची. पश्चिमेला ढग जमून आले होते, जांभळे, खालून सपाट. बाबांना घरात दम धरवेना. कुबड्या घेऊन, शिव्या न देता पण तशाच तोंडानं, ते कुंपणापर्यंत आले आणि खांबाला टेकून उभे राहिले.

फ्रेनी गाडीवर उभी राहून रचत होती. लिअँडर खालून लांब काट्यानं गवताचे भारे वर फेकत होता. शेवटचा भारा वर आला, त्यानं लगाम हातात घेतला, घोडे वळवले आणि कुंपणाच्या कडेनं गाडी चढवायला लागला. तेवढ्यात गडगडाट झाला. टेड बिचकला. मागचं डावं चाक ओल्या मातीत उतरलं आणि गाडी हळूच कलली. फ्रेनीच्या पायाखालचं सगळं गवत एका बाजूला सरकलं.

"बसून घे," लिअँडर खालून म्हणाला. "हलू नकोस."

चाकाखाली फळी घालायला हवी होती आणि खांदा लावायला हवा होता. त्यासाठी लगाम कुणाच्या तरी हातात द्यायला हवा होता. घोडे थरथरत होते. कुंपणापलीकडं, हात पोचेल इतक्या अंतरावर, बाबा होते.

फ्रेनीनं वरून बघितलं. लिअँडरचा हात लगामासकट बाबांकडं निघाला आणि अर्ध्यात थांबला. त्यानं मान खाली घातली. लगाम कुंपणाच्या खांबावर नीट अडकवला, म्हणजे बाबांना तो खांबावरून घेता येईल, मुलाच्या हातून नाही. मग तो वळून चाकाकडं धावला.

मान खाली असल्यामुळं त्याला दिसलं नाही. फ्रेनीला दिसलं. बाबांची एक कुबडी गवतात पडलेली होती आणि त्यांचा हात कुंपणावरून पुढं आलेला होता. पंजा उघडा होता. तो हात तसाच हवेत राहिला क्षणभर. मग त्या हातानं खांबावरचा लगाम उचलला.

"हो, हो, टेड," बाबा म्हणाले, जसे रोज म्हणायचे तसे.

फळी बसली. लिअँडरनं खांदा लावला, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, घोड्यांनी ओढ घेतली आणि गाडी सरळ झाली. पहिले थेंब पडले तेव्हा गवत कोठारात होतं.

संध्याकाळी लिअँडर गेला. जाताना बाबांच्या खाटेपाशी उभा राहिला, काहीतरी बोलेल असं वाटलं, आणि म्हणाला, "बॉबचा मागचा नाल सैल आहे."

"बघतो," बाबा म्हणाले. ते त्याच्याशी बोलले होते. फ्रेनीला 'सांग' म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी उपासनेची पाळी ग्रेबरांची होती, त्यांच्या कोठारात. पहिलं भजन सुरू झालं की शिकवणीची मुलं वरच्या खोलीत जायची, बिशप आणि उपदेशकांच्या मागून. तो जिना चढणं फ्रेनीला फार आवडायचं. खाली सगळी मंडळी गात असायची, इतक्या संथ लयीत की एका शब्दाला एक श्वास पुरा पडायचा नाही, आणि पायरीगणिक ते गाणं पायाखाली जायचं, पाण्यासारखं. त्यातला आईचा आवाज तिला ओळखू यायचा. त्या दिवशीही आला. वर बिशप जोनास लेंगाकर मंडळीतून वगळलेल्यांबद्दलचा भाग सांगत होते. ते चांगले होते. हळू बोलायचे. प्रेमानंच हे करायचं असतं, म्हणाले, माणूस परत यावा म्हणून. फ्रेनीनं मान डोलावली, आणि तिला दिसला तो खांबावर अडकवलेला लगाम.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. ओट कापले, पेंढ्यांच्या उडव्या लागल्या, ग्रेबरांच्या आवारात मळणी झाली. आईनं बीट आणि काकड्या मुरवल्या. गरम संध्याकाळी गार दुधात पाव कुस्करून त्यात फळं घालून सगळे मागच्या पायऱ्यांवर बसून खायचे. बाबांचं प्लास्टर निघालं, पाय बारीक झाला होता, चालताना ते डाव्या बाजूला झुकायचे. त्या उन्हाळ्यात फ्रेनीला प्रत्येक गोष्ट जरा जास्तच दिसायची. दोरीवर एका रांगेत वाळणाऱ्या निळ्या पँटी. कंदिलाची काच पुसताना आईनं आत सोडलेला श्वास. आपण हे बघून ठेवतोय, हे तिच्या लक्षात यायला बराच काळ गेला.

आईच्या आधीच लक्षात आलं होतं. एका सकाळी दोघी शेंगा सोलत होत्या. सलोमी शाळेत गेलेली.

"जाणार आहेस का?" आईनं विचारलं. शेंग सोलता सोलता विचारलं.

"माहीत नाही आई."

"जायचं असेल तर शपथ घेऊन जाऊ नकोस. आधी जा." आईच्या अंगठ्यानं शेंग फोडली, दाणे भांड्यात पडले. "दुसरं लहान टेबल माझ्याकडं नाही."

बाप्तिस्म्याच्या आदल्या शनिवारी मुलांना शेवटचं बोलावतात. अजूनही माघारी फिरायचं असेल तर फिरा, कुणी काही म्हणणार नाही, असं विचारतात. कुणी फिरत नाही. लेंगाकरांच्या बैठकीच्या खोलीत चौघी रांगेनं बसल्या होत्या. बिशपांनी एकेकीला विचारलं. फ्रेनीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला जमणार नाही, जोनासकाका."

बिशपांनी बाकीच्यांना बाहेर पाठवलं.

"लिअँडरनं काही सांगितलं का तुला?"

"त्यानं येऊ नको म्हणून सांगितलं."

"मग?"

"जूनमध्ये गाडी कलली होती. बाबा शेजारी होते. दादानं लगाम त्यांच्या हातात दिला नाही, खांबावर ठेवला. वाळीत टाकलेल्या माणसानं रीत पाळली." तिनं मांडीवरच्या हातांकडं बघितलं. "मी पाळली नसती. मी हातात दिला असता. आणि त्यानं दिला असता तर घेतलाही असता. उद्या शपथ घेतली तरी परवा त्याच्या हातून घेईन. ते मला आत्ताच माहीत आहे, मग कसं म्हणू?"

बाबांचा उघडा पंजा तिनं सांगितला नाही.

म्हाताऱ्यानं दाढी कुरवाळली. बाहेर कोंबड्या खुडबुडत होत्या.

"एक वर्ष थांबलीस तर?"

"पुढच्या वर्षीही मी हीच असेन."

"माझी धाकटी बहीण ओहायोला असते," बिशप म्हणाले. "वगळलेली आहे. दर नाताळला मोज्यांचा जोड पाठवते, स्वतः विणून. मी तो माळ्यावर ठेवतो. घालत नाही." ते थांबले. "लोकर चांगली असते." मग उठले आणि त्यांनी हात पुढं केला. फ्रेनीनं तो हातात घेतला. "तू खोटं बोलली नाहीस. घरी जा, आईला मी येतोय म्हणून सांग."

मंगळवारी लिअँडर ट्रक घेऊन आला. जवळच्या बर्न गावात एका विधवा बाईकडं खोली मिळाली होती आणि म्हाताऱ्यांच्या आश्रमात स्वयंपाकघरात काम. घरापासून बग्गीनं तासाभराच्या आत. दूर ते नव्हतं. आईनं ॲपल पाय, पाव आणि बिटाची बरणी बांधून दिली आणि दिसेनाशी झाली. सलोमी रुसून माळ्यावर बसली होती. बाबा कोठाराच्या दारात पट्टा शिवत होते.

"येते बाबा."

"हं."

"मी गाडीवर होते त्या दिवशी. वरून दिसत होतं मला."

दाभण चामड्यात अर्धं गेलं होतं. बाबांनी ते पुरतं आत घातलं आणि दुसऱ्या बाजूनं ओढून घेतलं.

"गवतावरून बरंच दिसतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "रविवारी जेवायला ये. उशीर करू नकोस. तुझ्या आईला उशीर चालत नाही."

ट्रक पक्क्या रस्त्याला लागल्यावर फ्रेनीनं भावाला सांगितलं. बाबांनी हात पुढं केला होता. तू मान खाली घातलीस म्हणून तुला दिसलं नाही. पुढं जाऊन लिअँडरनं ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगच्या चाकावर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला. मागून एक उघडी बग्गी आली, टापा वाजवत पुढं गेली. बग्गीतल्या बाईनं फ्रेनीला हात केला, मग लिअँडरला बघून हात खाली घेतला.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी फ्रेनी आश्रमातून लवकर सुटली आणि एका शेजाऱ्याच्या गाडीतून फाटकापर्यंत आली. थंडी होती, आकाश राखाडी, रस्त्याच्या कडेचं पाणी गोठायला लागलेलं. ती अजून घरचेच कपडे घालायची, दुसरे विकत घ्यायला धीर होत नव्हता. फाटकापाशी निळा ट्रक उभा होता. लिअँडर यायचा आहे हे तिला माहीत नव्हतं. तो कुणाला सांगून आला नव्हता.

ती घरात न जाता कुंपणाच्या कडेनं मक्याच्या शेताकडं गेली. वाळलेल्या मक्याच्या रांगांमधून गाडी चालली होती. गाडीच्या एका बाजूला उंच फळ्या उभ्या केलेल्या असतात, कणसं त्यांवर आपटून आत पडावीत म्हणून. बॉब आणि टेडला कुणी धरलेलं नव्हतं, ते नुसत्या आवाजावर चालत होते. बाबा गाडीलगतची रांग घेऊन निघाले होते, डावीकडं झुकत. त्यांच्या पलीकडं, एक रांग सोडून, लिअँडर होता. दोघांच्या तळहातांना लोखंडी आकड्या बांधलेल्या. कणीस धरायचं, आकडीनं साल फाडायची, मोडायचं, फेकायचं. कणीस फळीवर आपटायचं आणि आत पडायचं. बाबांचं एक, लिअँडरचं एक. कुणी कुणाला काही देत नव्हतं. दोघंही एकाच गाडीत टाकत होते.

लिअँडरला सवय राहिली नव्हती. त्याची काही कणसं फळीवरून पलीकडं जायची, तो वळसा घालून उचलून आणायचा. तो मागं पडत चालला होता. बाबा आपल्या रांगेत गाडीच्या पुढच्या चाकापर्यंत पोचले होते. आता घोड्यांना पुढं काढायची वेळ होती.

बाबा थांबले. त्यांनी आकडीचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला. हातावर फुंकर घातली. टेडनं कान मागं केले, आवाजाची वाट बघत. बाबांनी मागं वळून बघितलं नाही, नुसतेच उभे राहिले, अंगावर थंडी घेत. मागून कणसं येत राहिली, एक, मग जरा वेळानं दुसरं. शेवटी लिअँडर आपल्या रांगेतून त्यांच्या बरोबरीला आला आणि त्याचं कणीस फळीवर वाजलं.

"चल," बाबा घोड्यांना म्हणाले.